सुतारकामाचा छंद नवीन आहे, हौशी लोकांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये आत्ताच जाऊ की आधी जरा हात बसू देऊ?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांत एकच स्टूल केलंय, ते पण डुगडुगतं, आणि बाकीच्यांची चकाचक कपाटं बघून आपलं काम दाखवायची लाज वाटते. आत्ताच जा. आणि ते डुगडुगणारं स्टूल घेऊनच जा.

मी नेमकं उलट केलं होतं. जवळजवळ वर्षभर एका ग्रुपमध्ये नुसता वाचत बसलो, एक शब्द टाइप केला नाही, म्हटलं काहीतरी दाखवण्यासारखं झालं की बोलू. मग एक छोटं टेबल केलं, पाच फळ्या कडेला कडा चिकटवून ६० सेंमी रुंद टॉप, खाली दोन आडव्या पट्ट्या गोंद लावून वर स्क्रूने घट्ट आवळलेल्या. मस्त दिसत होतं. हवा कोरडी झाली आणि एका रात्री फटकन आवाज आला, सकाळी बघतो तर टॉपला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. तेव्हा कुठे पहिल्यांदा ग्रुपमध्ये तोंड उघडलं, आणि प्रश्न काय विचारला तर 'गोंद खराब निघाला वाटतं, दुसरा कुठला घेऊ?'

गोंदाचं नाव सांगणारे दहा-बारा जण आलेच. पण एका जुन्या मेंबरने उत्तर न देता मलाच विचारलं, टॉप किती रुंद आहे, खालच्या पट्ट्या कुठल्या दिशेने आहेत, आणि तडा नेमका सांध्यावर गेलाय की सांध्याच्या शेजारी? मी जाऊन नीट बघितलं. सांधा जागच्या जागी होता, तडा शेजारच्या लाकडात होता. म्हणजे ज्या गोंदाला शिव्या घालत होतो त्याने काम चोख केलं होतं, लाकूडच फाटलं होतं.

कारण असं की लाकूड हवेतला ओलावा घेतं तेव्हा फुगतं आणि सोडतं तेव्हा आकसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, फरक इतका कमी की विसरलात तरी चालतं. रुंदीत मात्र चांगलाच पडतो, आणि खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने जितका पडतो तो मध्यापासून बाहेरच्या दिशेपेक्षा ढोबळमानाने दुप्पट. ६० सेंमीच्या टॉपमध्ये लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी जरी खालीवर झाला तरी रुंदी सहज ५ मिमीच्या आसपास बदलते, लाकडाच्या जातीप्रमाणे थोडी कमीजास्त. माझ्या आडव्या पट्ट्यांची लांबी बदलणार नव्हती, टॉपला आकसायचं होतं, मी दोघांना जखडून ठेवलेलं, मग दुसरं काय होणार. उपाय अगदी फालतू निघाला: पट्टीला गोंद लावायचाच नाही, मधला एक स्क्रू घट्ट आणि बाकीच्यांची भोकं लांबट, म्हणजे टॉपला सरकायला जागा राहते.

हे सगळं त्या वर्षभरात मी किमान तीन वेळा वाचलेलं होतं हो. डोक्यात शिरलं ते स्वतःचं टेबल फाटल्यावर.

म्हणून म्हणतो, काम चांगलं व्हायची वाट बघू नका, चांगलं झालेल्या कामावर लोक फक्त 'सुंदर!' लिहून पुढे जातात. बिघडलेलं टाकलंत की शिकवणारे थांबतात. फक्त टाकताना नीट टाका. एक पूर्ण फोटो, एक सांध्याचा जवळून, एक खालून, आणि फोटोत मोजपट्टी ठेवा. लाकूड कुठलं, जाडी-रुंदी किती, काय काय केलं आणि कुठल्या क्रमाने, एवढं लिहिलं तरी निम्मं काम होतं. 'माझं नीट होत नाहीये, मदत करा' याला कोण काय उत्तर देणार?

ग्रुपमध्ये ऐकायचं कोणाचं, तर माझा ठोकताळा असा की जो आधी उलट प्रश्न विचारतो त्याचं. जो फोटो नीट न बघता 'अमुक मशीन घ्या' म्हणतो त्याला नमस्कार करून पुढे जा. मशीन आणि हत्यारांवरच्या भांडणात तर पडूच नका. धार लावायला तेलाचा दगड, पाण्याचा दगड की डायमंड प्लेट यावर लोक रात्ररात्र जागतात, आणि खरं सांगू, तिन्हींनी धार येते. एक निवडा आणि त्यावरच हात बसवा. पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) आणि रंध्याच्या पात्याला २५ अंशांचा उतार, टोकाला हवं तर ३० अंशांची बारीकशी कड, मागची बाजू सपाट, आणि घासताना मागे जी बारीक किनार वळते ती काढून टाकायची. नवशिक्यांचे निम्मे प्रश्न बोथट पात्याचे असतात, 'रंधा लाकूड उचकटतोय' वगैरे. उरलेल्यात बरेचसे रेषांच्या उलट दिशेने रंधा मारल्याचे.

एका बाबतीत मात्र कितीही अनुभवी माणूस असो, त्याचा फाजील आत्मविश्वास घेऊ नका. 'मी वीस वर्षं गार्ड (मशीनच्या पात्यावरचं संरक्षक झाकण) काढूनच काम करतो' म्हणणारा एक तरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याची बोटं शाबूत आहेत हे त्याचं नशीब. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत, मोजा पात्यात अडकला की हातही ओढला जातो. जवसाचं तेल चोळलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, तेल सुकताना गरम होतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते, त्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि मास्क लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलीये, त्यामुळे 'नुसता भुसा तर आहे' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता तुमच्या स्टुलाबद्दल, कारण तेही विचारलंय. आधी ते जागच्या जागी थोडं थोडं फिरवून बघा. काही जागी डुगडुग थांबत असेल तर दोष जमिनीचा आहे, स्टुलाचा नाही. फिरवूनही डुगडुगत असेल तर वरून धरून आडवं ढकला, पाय आणि बैठकीमधली फट उघडमीट होते का बघा. होत असेल तर सांधा सैल आहे आणि पाय कापून काही उपयोग नाही. तुम्ही पायाचं वरचं टोक नुसतं गोंदाने बैठकीला चिकटवलंय का? लाकडाच्या कापलेल्या टोकाला गोंद नीट धरत नाही, तिथे खाच आणि कुसू, म्हणजे एका लाकडात खळगा आणि दुसऱ्याचं टोक त्यात घट्ट बसेल असं कोरलेलं, किंवा निदान डॉवेल, म्हणजे दोन्हीत शिरणारी गोल लाकडी खुंटी, हवी.

सांधे पक्के आहेत आणि पायच कमीजास्त आहेत असं निघालं, तर स्टूल एखाद्या खरोखर सपाट पृष्ठभागावर ठेवा, पायांखाली पाचरी सारून बैठक चारही कोपऱ्यांत सारख्या उंचीवर आणा. मग सगळ्यात मोठ्या फटीपेक्षा जरा जाड असा लाकडाचा तुकडा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी धरून तुकडा सरकवत चारही पायांभोवती रेघ मारा, आणि त्या रेघेवर कापा. अंदाजाने 'या पायाचं थोडं, त्या पायाचं थोडं' करत बसू नका, माझ्या एका स्टुलाचा असं करता करता पाट झालाय.

आणि कापायच्या आधी पाचरी लावलेल्या अवस्थेतला फोटो ग्रुपमध्ये टाका, कोणीतरी तुमच्या आधी चूक पकडेल.