विभागप्रमुख म्हणून पहिल्या महिन्यात सुरुवात कशाने करावी?

तुमच्याकडे भौतिकशास्त्र विभाग येतोय, माणसं पाच, तुम्ही धरून तिघे सहायक प्राध्यापक आणि दोघे सहयोगी प्राध्यापक तुमच्याहून ज्येष्ठ. अशा वेळी सुरुवात वर्कलोडने, म्हणजे विभागातल्या अध्यापनाच्या तासांच्या हिशेबाने करा. बाकी सगळं त्यावर उभं असतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन. म्हणजे तुमच्या विभागाची क्षमता ७६ तास. इथेच हमखास घोळ होतो, कारण घड्याळाचा तास आणि वेळापत्रकातली तासिका, दोन्हीला आपण तासच म्हणतो. तासिका ४८ मिनिटांची असेल तर १६ तास म्हणजे २० तासिका. वर्कलोडच्या तक्त्यावर कोणतं एकक धरलंय ते आधी लिहा.

दुसरी चूक प्रात्यक्षिकांची. २ क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे सत्रात ६० तास, १५ आठवड्यांत आठवड्याला ४. वर्गाच्या तीन बॅच असतील तर ते १२ होतात. बॅचने गुणायचं राहिलं की वर्कलोड कमी दिसतो आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची मागणी करायला कागदच उरत नाही.

वाटप तोंडी करू नका. बैठकीआधी प्रत्येकाकडून पसंतीचे पेपर लेखी मागवा. सकाळचा पहिला तास, प्रथम वर्षाची प्रात्यक्षिकं अशी नको असलेली कामं दरवर्षी फिरती ठेवा आणि त्यातलं एक आधी स्वतःच्या नावावर घ्या. ज्येष्ठांशी बोलणं त्यानंतर बरंच सोपं जातं. मग वाटप इतिवृत्तात नोंदवून सगळ्यांच्या सह्या घ्या. हा नुसता सोपस्कार नाही. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेच्या वेळी नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले हे बघतात. ८० टक्के किंवा जास्त असेल तर 'चांगले', ७० च्या खाली 'असमाधानकारक'. नेमून दिल्याचा कागदच नसेल तर सहकाऱ्याची पदोन्नती तुमच्यामुळे अडकते, आणि ते फार वाईट.

चार्ज घेताना डेडस्टॉक रजिस्टर (उपकरणांसारख्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि कपाट समोरासमोर तपासा. नोंद असते 'स्पेक्ट्रोमीटर १०', कपाटात दहा दिसतातही, पण प्रिझम सातच निघतात. कमी भरलेली प्रत्येक वस्तू चार्ज रिपोर्टात लिहा, जुन्या प्रमुखांची सही घ्या, एक प्रत प्राचार्यांना द्या. सही झाल्यावर सापडलेली तूट तुमच्या नावावर बसते.

खरेदीची यादी दिवाळीआधी तयार ठेवा. कोटेशन, मंजुरी आणि पुरवठा यांतच महिने जातात, आणि ३१ मार्चला न वापरलेलं अनुदान परत जायची वेळ येते.