धावताना आलेली चक्कर

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, बास्केटबॉल खेळतो. गेल्या महिन्यात मॅचमध्ये धावता धावता कोसळला. मिनिटभरात उठला. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणाले, उन्हानं झालं असेल. त्याचे सर म्हणतात, अमेरिकेच्या पीट मॅराविचला जन्मापासून हृदयाची एक धमनीच नव्हती, तरी तो एनबीए, म्हणजे तिथली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, गाजवून गेला. पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे. खेळू देऊ का?
– एक आई, सांगली

उत्तर : नको. निवड चाचणी पुढच्या वर्षीही होईल.

सरांनी गोष्ट अर्धीच सांगितली, ताई. मॅराविच १० मोसम एनबीएत खेळला हे खरं. पण ५ जानेवारी १९८८ रोजी पॅसाडेनाच्या एका चर्चच्या जिममध्ये हौसेखातर खेळताना तो कोसळला आणि गेला. वय ४०. त्याला हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी डावी कोरोनरी धमनी नव्हती, हे शवविच्छेदनात कळलं. यातून धीर कसा घ्यायचा?

मला तुमच्या मुलाबाबत शंका आहे ती जरा वेगळ्या दोषाची. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या दोन्ही धमन्या महाधमनीच्या मुळाशी निघतात, डावी डावीकडून, उजवी उजवीकडून. काही मुलांत डावी चुकून उजव्या बाजूनं निघते आणि महाधमनी व फुफ्फुसाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी यांच्या बेचक्यातून वाट काढते. तिचं तोंड बहुधा फटीसारखं असतं. बसल्याजागी तेवढं रक्त पुरतं. जोरात धावताना महाधमनी फुगते, फट आवळली जाते, आणि स्नायूला तर तेव्हाच जास्त रक्त हवं असतं. मग ठोक्यांची लय बिघडते.

ईसीजी काढला तो पलंगावर निजवून. तो नॉर्मल येणारच! पट्ट्यावर धावायला लावून घेतलेली स्ट्रेस टेस्टसुद्धा कधी कधी चकवते. प्रार्थनेला उभं राहून चक्कर येणारी मुलं मी रोज पाहते, त्यांना पाणी पाजून घरी पाठवते. भर धावेत पडलेल्या मुलाला नाही.

इकोचा रिपोर्ट काढून बघा. दोन्ही कोरोनरी कुठून निघतात, हे त्यात लिहिलंय का? नसेल तर मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडून इको पुन्हा करा, आणि नेमकं हेच बघायला सांगा. तरीही शंका उरली तर सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे या धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन. ठोक्यांच्या लयीचे जन्मजात आजारही तेच तज्ज्ञ तपासतील.

दोष निघालाच तर शस्त्रक्रियेनं धमनीचं तोंड मोकळं करता येतं. त्यानंतर निदान तीन महिने थांबून, तपासण्या ठीक आल्या तर बरीच मुलं मैदानावर परततात.

जाताना तो पडला तेव्हा जवळ असलेल्या एखाद्या खेळाडूला सोबत न्या. पडण्याआधी छातीत दुखलं का, हे मुलगे आईला सांगत नाहीत. आणि तोवर पीटीच्या तासालाही चिठ्ठी द्या.