जलरंगावर शाईची रेघ न फुटता कशी काढायची? (चित्रकार फायनिंगरची जहाजं पाहून पडलेला प्रश्न)

शाई कुठली आणि कागद कितपत वाळलाय, सगळा खेळ या दोन गोष्टींचा. शेलॅक (लाखेपासूनची राळ) असलेली वॉटरप्रूफ काळी शाई एकदा सुकली की वरून रंगाचा हात फिरवला तरी हलत नाही. फाउंटन पेनची साधी शाई बहुधा वाहते आणि आकाश मळकट करून टाकते. ती वापरायचीच असेल तर रंग पूर्ण वाळल्यावर. कागदाच्या पोटात ओल राहिली तर रेघेला बारीक फाटे फुटतात. तळहाताची मागची बाजू लावून बघा, गार लागलं तर थांबा.

लायोनेल फायनिंगर (१८७१–१९५६) जन्माने न्यूयॉर्कचा, पण कारकीर्द जर्मनीत घडलेला. १९१९ला बाउहाउस ही जर्मनीतली कलाशाळा सुरू झाली तेव्हापासूनचा तिथला शिक्षक. १९२४पासून उन्हाळ्यात बाल्टिक किनाऱ्यावर डीप या गावी जायचा. त्याच्या जहाजांची शिडं त्रिकोणी, डोलकाठ्या ताठ, आणि रंग मात्र रेघेला न जुमानता पुढे गेलेला. मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे. रेघेच्या आत नेटका रंग भरत बसलात तर ते मुलांचं रंगवायचं पुस्तक होईल. समुद्राच्या पाण्याचा वॉश (पातळ रंगाचा हात) एकाच दमात द्या, शिडांपुरता कागद कोरा सोडा. नंतर पांढरा रंग थापू नका, लगेच कळतो.