पहिलीतला मुलगा अजून वाचत नाही

जूनमध्ये शाळा सुरू होतात, पाठोपाठ पहिली घटक चाचणी होते आणि ऑगस्टपासून माझ्याकडे पहिलीतल्या मुलांचे पालक येऊ लागतात. त्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: वर्गातली बाकीची मुले वाचायला लागली, आमचा मुलगा अजून अडखळतो, अंक उलटे लिहितो, मग त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, तर नसेल? अशाच एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीत होता. आई बँकेत नोकरी करणारी. संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकाआधी तासभर त्याच्याकडून अक्षरे घोटवून घेत असे. त्या तासाची अखेर बहुधा रडण्यात होत असे आणि सोमवारी सकाळी मुलाचे पोट दुखू लागले होते. आईने सोबत वही आणली होती. त्यात ३ च्या जागी ६ आणि ६ च्या जागी ३ असे बऱ्याच ठिकाणी झाले होते, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल होती.

मी आधी जन्मतारीख विचारली. मुलगा डिसेंबरच्या मध्यावर जन्मलेला होता. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळतो. त्यामुळे जूनमध्ये हा मुलगा जेमतेम साडेपाच वर्षांचा होता, आणि जानेवारीत जन्मलेली वर्गमैत्रीण त्याच्यापेक्षा ११ महिन्यांनी मोठी होती. चाळिशीतल्या माणसांत एवढ्या अंतराला काही अर्थ नसतो, पण साडेपाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या आजवरच्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतो. गुणपत्रिकेत मात्र हा फरक कुठेच दिसत नाही.

त्यानंतर मी मुलाबरोबर बसलो. ‘आगगाडी’ या शब्दासाठी किती टाळ्या, असे विचारल्यावर त्याने चार टाळ्या वाजवल्या. ‘कमळ, कप, मासा’ यांतला वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द त्याने लगेच ओळखला, ‘पाटी’तला ‘पा’ काढला तर काय उरते, हेही थोडा विचार करून सांगितले. गोष्ट ऐकून ती क्रमाने परत सांगितली. बोललेल्या शब्दाचे आवाजात तुकडे करता येणे हा वाचनाचा पाया असतो, आणि तो या मुलाकडे चांगला होता. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. सुटे ‘ग’ दाखवले की तो मनाशी ‘क, ख, ग’ म्हणत तिथवर पोहोचत असे, आणि मग उत्तर देई, ‘गणपती’. मुळाक्षरांचा तक्ता त्याला पाठ होता. अक्षर मात्र येत नव्हते. ‘गवत’ या शब्दात त्याला गणपती, वजन आणि तलवार दिसत होते, आणि या तिघांतून ‘गवत’ कसे तयार होणार?

उलट्या अंकांबद्दल आईला मी सविस्तर सांगितले, कारण खरी भीती तिथे होती. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तोच, हे मूल अगदी लहानपणी शिकलेले असते. लिपी हा नियम मोडते: दिशा बदलली की ३ चा ६ होतो. ही नवी शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि सातव्या वर्षापर्यंत अशा चुका सर्रास आढळतात. तेवढ्यावरून डिस्लेक्सियाचा निष्कर्ष काढता येत नाही. अध्ययन अक्षमतेची औपचारिक तपासणीही आपल्याकडे साधारण ८ व्या वर्षी, तिसरीच्या सुमारास केली जाते. मात्र डोळे आणि कान यांची तपासणी मी त्याच आठवड्यात करून घ्यायला सांगितली, कारण त्यासाठी थांबण्याचे काहीच कारण नसते. दोन्ही ठीक निघाले.

संध्याकाळचा तास बंद करायचा, हे आईला पटले. वडिलांना पटायला अधिक वेळ लागला. ‘खेळून कोणी पास होत नाही’, असे ते म्हणाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे पहिली-दुसरी ही बालवाडीचीच पुढची वाटचाल आहे, आणि निपुण भारत अभियानातही समजून वाचण्याचे उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस ठेवले आहे, हे मी त्यांना सांगितले. सरकारी कागद पुढे आला की वडीलमंडळी जरा ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

तासाऐवजी रोज पंधरा मिनिटे ठरली. तक्ता कपाटात गेला. क, म, र, ल आणि काना एवढेच घ्यायचे, आणि त्यांतून लगेच शब्द करायचे: काका, मामा, काम, लाल, राम, कमाल. मूल पहिल्याच आठवड्यात स्वतः काहीतरी वाचते, याचे मोल फार मोठे असते. लिहिणे वहीत नको, जमिनीवर खडूने मोठे. बोटांत बळ यावे म्हणून शेंगा सोलणे आणि कणकेचे गोळे करणे आजीकडे आले. ‘हा काय अभ्यास?’ असे आजींनी विचारलेच. बालशिक्षणाचे काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला बिया, पाने, शंख-शिंपले घेऊनच मुलांना शिकवले, असे सांगितल्यावर त्या उत्साहाने कामाला लागल्या. झोपताना गोष्ट वाचून दाखवण्याचे कामही त्यांनीच घेतले. वर्गशिक्षिकाबाईंनी पानभर लिखाणाऐवजी दोन ओळी चालतील, असे सांगितले. मुलाचे सोमवारचे दुखणे त्यांच्या आधीच लक्षात आले होते.

दिवाळीपर्यंत तो सुटी अक्षरे क्रमाशिवाय ओळखू लागला, पोटदुखी थांबली. वार्षिक परीक्षेच्या सुमारास छोटी वाक्ये वाचत होता, पण ३ आणि ६ अधूनमधून उलटत होते, अक्षर वाईट होते आणि जोडाक्षर आले की तो थबकत असे. जोडाक्षरांचे काय करायचे, हा आईचा पुढचा प्रश्न होता. ती दुसरीत आणि काही अंशी तिसरीतही पक्की होत जातात, म्हणून आत्ता त्यांच्या मागे लागू नका, असे मी सांगितले. दुसरीच्या दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा यायचे ठरले आहे. तेव्हाही ओळखीची अक्षरे जोडून साधा शब्द वाचताना तो अंदाज बांधत असेल, तर तिसरीच्या तपासणीची वाट न पाहता विशेष शिक्षकांची मदत सुरू करू.