आधी फरशी बघ

प्रिय बाळ,

व्हिडिओ पाहिला, दोनदा पाहिला. तू तुमच्या कुत्र्याच्या, ब्रूनोच्या मागच्या पायाकडे बघ म्हणालीस, पण माझं लक्ष तुमच्या हॉलच्या फरशीवरच खिळलं. तो पुढचे पाय रोवतो, ढुंगण उचलतो, तेवढ्यात मागचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला फाकतात, नखं खर्रकन घसरतात आणि तो पुन्हा खाली बसतो. मग आपल्याला उठायचंच नव्हतं असा चेहरा करून इकडेतिकडे बघतो. खुबा दुखणाऱ्या अकरा वर्षांच्या लॅब्राडॉरला त्या गुळगुळीत टाइल्सवर प्रत्येक वेळी स्वतःला सावरत उठावं लागतंय, आणि उठण्यातच त्याची निम्मी ताकद जातेय.

गोळी कोणती द्यायची ते तू विचारलंस. त्याकडे येतेच, पण घरातलं काम आजपासून सुरू कर. अख्खं घर झाकायची गरज नाही. त्याची झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार, एवढीच त्याची वाट असते. त्या वाटेवर खालून रबर असलेली पायपुसणी नाहीतर जुन्या योगा मॅट सलग टाक. नुसती सतरंजी नको, ती त्याच्याबरोबरच घसरते. नखं वेळच्या वेळी काप. पंजाच्या गाद्यांच्या मधून वाढलेले केसही कातर, त्या केसांमुळे पकड सुटते. अंथरूण जाड हवं. त्यावर आपला कोपर दाबून बघ, खालची फरशी लागली तर आणखी एक गोधडी घाल.

जिना उतरताना पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धर आणि त्याच्या मागच्या अंगाचं वजन थोडं आपल्या हातावर घे. नर कुत्रा आहे, तेव्हा टॉवेल फार मागे सरकू देऊ नकोस, नाहीतर लघवीच्या जागी दाब येतो आणि तो दुसऱ्या दिवसापासून टॉवेल बघूनच पळेल.

आता डॉक्टर. ‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य तुमच्या घरात कोणीतरी म्हटलं असणार. वय हा आजार नाही. दुखणं हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पण आधी हा संधिवातच आहे ना, हे नक्की व्हायला हवं. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे धरतात. गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, फाटला तरी कुत्रा असाच लंगडतो. म्हणून तपासणी, एक्स-रे आणि रक्त, तिन्ही करून घे. जाताना घरी काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना दाखव. दवाखान्यात शिरल्यावर भीतीनं आणि उत्साहानं भलेभले लंगडे सरळ चालतात, हे मी नोकरीभर पाहिलं.

तो कण्हत नाही म्हणून दुखत नसेल, असं समजू नकोस. जुनाट दुखण्यात कुत्री सहसा ओरडत नाहीत. रात्री सारखी जागा बदलतात, एकच सांधा चाटत राहतात, गाडीत उडी मारायच्या आधी थबकतात. कंबरेला हात लावला की झटकन मान वळवतात. तुझ्या भाचीवर तो गुरगुरला ना, त्याला लगेच ‘स्वभाव बिघडला’ म्हणू नका. ती मागून येऊन त्याला मिठी मारत असेल तर तेवढं थांबवा.

घरातल्या डब्यातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला द्यायची नाही. पाव नाही, अर्धी नाही, एक दिवसापुरतीही नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं; पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर यकृत जातं. (डायक्लोफिनॅक म्हणजे तेच, जे दिलेली मेलेली गुरं खाऊन आपली गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ज्यावर बंदी आली. ती कथा गुरांची, पण औषध तेच.) कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब अशी औषधं आहेत. डॉक्टर मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या बघून ती देतील आणि अधूनमधून पुन्हा रक्त तपासतील. व्हिडिओवरून डोस मी सांगणार नाही. त्याला आधीपासून त्वचेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांग, स्टेरॉइड आणि ही औषधं एकत्र चालत नाहीत. उलटी झाली, खाणं सोडलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर पुढची गोळी न देता सरळ फोन कर.

सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पुरावा तुटपुंजा आहे. पैसे खर्चायचेच असतील तर माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ वर खर्च, प्रमाण मात्र डॉक्टरांकडून घे. आपले बाम त्याला चोळू नकोस, तो ते चाटणार. थंडीच्या सकाळी अंग आखडलेलं असतं तेव्हा कोमट पिशवी कापडात गुंडाळून दहा मिनिटं शेक दे, आधी स्वतःच्या मनगटावर बघून. सांधा सुजून गरम झाला असेल तेव्हा शेक नको.

फिरणं बंद करू नका. आठवडाभर घरात आणि रविवारी टेकडी, हे सगळ्यात वाईट. दिवसातून तीनदा थोडं थोडं, शक्यतो मातीवर, त्याच्या चालीनं. चेंडूचा खेळ मात्र आता पुरे. पळता पळता गर्रकन वळण्यात सांध्यावर फार ताण येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वजन. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री ज्याहून जास्त जगली ते वय) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२; सांधेही त्यांचे उशिरा बिघडले. ब्रूनोच्या बाबतीत ती वेळ गेली, पण अजूनही हाती बरंच आहे. लठ्ठ कुत्र्याचं वजन साधारण ६ टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं अभ्यासात दिसलंय. तो ३८ किलोचा असेल तर हे सव्वादोन किलो झाले. त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरव. न दाबता बरगड्या मोजता यायला हव्यात. व्हिडिओत तर त्याला कंबरच दिसत नाहीये.

बाबांच्या चहाच्या बिस्किटांचं काय करायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे, मला कळलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना खाऊ घालायचंय आणि त्याला त्यांच्या हातून खायचंय, दोघांचंही बरोबर आहे. सकाळी दिवसभराचं खाणं मोजून ठेव, त्यातलंच मूठभर एका डब्यात काढून बाबांच्या खुर्चीजवळ ठेव. काकडीचे, गाजराचे तुकडेही चालतील. मनुका मात्र चुकूनही नको, त्यानं मूत्रपिंड जाऊ शकतं. एकदम उपाशी ठेवू नका. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास उतरलं तरी भरपूर झालं. तू त्याला उचलून काट्यावर उभी राहू नकोस, तुझीच कंबर जाईल. दवाखान्यात मोठा काटा असतो, तिथे त्याला उभा कर आणि आकडा मला कळव. मग वाटीचं माप ठरवू.

तुझी,
डॉक्टर मावशी