सेकंडहँड लेन्स घ्यायला जाताना पाच काडेपेट्या घेऊन जा

तुमच्याकडे कॅनन १५००डी कॅमेरा आहे, सांगलीत एकाकडून वापरलेली ५० एमएम १.८ एसटीएम लेन्स मिळतेय, आणि तिचा ऑटोफोकस नीट आहे का हे जागेवरच कसं बघायचं, असं विचारलंय. मी लग्नाचे फोटो काढतो. माझ्या निम्म्याहून जास्त लेन्स सेकंडहँड आहेत, आणि एकदा फसलोही होतो.

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर एकाकडून ८५ एमएम १.८ घेतली. उभ्या उभ्या चार फोटो काढले, स्क्रीनवर झकास दिसले, पैसे दिले. ते चारही फोटो ५.६ ॲपर्चरला होते (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, त्यात फोकसची चूक झाकली जाते), हे नंतर लक्षात आलं. पुढच्याच लग्नात १.८ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडून, काढलं तर नवरीचे डोळे मऊ आणि कानातले झुबे कडक शार्प! दोन मीटरवरून ८५ ला १.८ वर पुढून मागं जेमतेम चार सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो, त्यामुळे जरासा फोकस मागं गेला की डोळे सुटले.

म्हणून तपासायचं ते १.८ लाच. कृष्णेचा घाट यासाठी उत्तम: सकाळचा उजेड, सपाट पायऱ्या आणि समोर लांब आयर्विन पूल. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या बल्बखाली तपासू नका, उजेडाचा रंग बदलला तरी फोकस थोडा सरकतो. पाच काडेपेट्या तिरप्या रांगेत उभ्या करा, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटर मागं, छापील बाजू तुमच्याकडे. कॅमेरा मीटरभर अंतरावर, काडेपेट्यांच्याच उंचीवर, ट्रायपॉड नसेल तर पिशवीवर टेकवून. फोकस मोड वन शॉट (एकदा फोकस लागला की तिथंच थांबणारा), फोकस पॉइंट मधला, शटर १/२०० च्या वर. ५० एमएमला एवढ्या अंतरावर पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास शार्प येतं, म्हणजे मधली आणि शेजारची यांत फरक कळतो. तिरपी पट्टी ठेवून तपासणारे बरेच आहेत, पण फोकस पॉइंट दिसतो त्याहून मोठा असतो, पट्टीवरची कुठली रेघ पकडली हे कळतच नाही.

आता मुख्य काम. व्ह्यूफाइंडरमधून मधल्या काडेपेटीवर दहा फोटो काढा. प्रत्येक फोटोआधी फोकस मोडायचा: एकदा पुलावर फोकस करून परत या, पुढच्या वेळी अगदी जवळच्या पायरीवर. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, तीन-चार वेळा. कार्ड लॅपटॉपला लावून १०० टक्क्यांवर बघा.

लाइव्ह व्ह्यूतलेही मऊ असतील तर दोष फोकसचा नाही, काचेचा आहे, सोडून द्या. लाइव्ह व्ह्यू शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे कधी पुढं, कधी मागं, कधी बरोबर, अशी लहरी लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका. दहाच्या दहा फोटोंत मागचीच काडेपेटी शार्प असेल तर मात्र लेन्सला लगेच बाद करू नका. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस ठरवणारा सेन्सर आरशाखाली वेगळा बसवलेला असतो, आणि लेन्स आणि बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) यांची जोडी जुळली नाही तर असा कायमचा फरक पडतो. माझ्या ८५ चं तेच निघालं. माझ्या ८०डी कॅमेऱ्यात मायक्रोॲडजस्टमेंट (त्या लेन्सचा फोकस पुढं-मागं सरकवायची सेटिंग) वजा ८ केली आणि आजही तीच वापरतो. म्हणजे विकणारा खोटं बोलला नव्हता, त्याच्या बॉडीवर ती बरोबरच असणार. मी उगाच शिव्या घातल्या.

तुमची अडचण अशी की १५००डी मध्ये ती सोय नाही. त्यामुळे तपासणी स्वतःच्याच बॉडीवर करा, विकणाऱ्याच्या नको. कायमचा फरक दिसला तर एक तर लाइव्ह व्ह्यूवर भागवा, नाही तर सर्व्हिस सेंटरचा खर्च किमतीतून वजा करून मागा. तीन मीटरवरूनही दोन-चार फोटो घ्या, जवळ बरोबर आणि लांब चुकीची अशाही लेन्स असतात.

आणि या लेन्सची पुढची नळी फोकस करताना बाहेर येते, तिथं ठोका बसलेला असेल तर मोटर अडखळते. कान लावून ऐका, नळी कुठं अडकतेय का बघा. सांगलीचं सामान आहे म्हणून एक जादा प्रश्न: २०१९ किंवा २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं होतं का? उत्तर काहीही येवो, मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेत बुरशीचे धागे आहेत का ते बघाच.