तीन उसळ्या आणि पुढचं चाक

गेल्या लेखात माझ्या शिकाऊ दिवसांतल्या एका फसलेल्या लँडिंगचा ओझरता उल्लेख आला होता. सेस्ना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान, सोसाट्याचा आडवा वारा, तीन उसळ्या आणि मोडलेलं पुढचं चाक. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो.

वारा जोराचा असला तरी विमान उतरतं, मग झोतांचं एवढं काय? (पेडणे)

एकसारखा वारा समोरून असला तर तो मदतच करतो. घात करतो तो झोत, म्हणजे वाऱ्याच्या वेगातला अचानक चढउतार. समजा, विमानाचा हवेतला वेग ६५ नॉट आहे (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). समोरचा वारा २० वरून एकदम १० वर आला की विमानाला तो वेग भरून काढायला सवड मिळत नाही. हवेतला वेग क्षणात ५५ च्या आसपास येतो. मोठं जेट १४० नॉटने येतं, त्याला १० गेल्याचं फारसं वाटत नाही. इथे ती पंधरा टक्के कमाई गेली! म्हणून वैमानिक झोत आणि सरासरी वारा यांतल्या फरकाचा निम्मा वेग जास्त ठेवतात. वारा १२, झोत २२, तर ५ नॉट जादा. त्याहून जास्त ठेवलात तर विमान टेकायचं नाव घेत नाही, धावपट्टी मात्र संपत येते.

धावपट्टी वाऱ्याची दिशा बघूनच बांधतात ना? (वास्को)

बांधतात, पण वारा ते वाचत नाही. गोव्याच्या दाभोळी विमानतळाची धावपट्टी ०८/२६ आहे, म्हणजे एका बाजूने तोंड ८० अंशांना, दुसऱ्या बाजूने २६० ला. दुपारचा खारा वारा नेमका वायव्येकडून, ३१५ अंशांवरून आला तर २६ शी कोन ५५ चा. अशा २० नॉट वाऱ्यातले १६ नॉट आडवे लागतात. सेस्ना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा १५ आहे. ती काही लक्ष्मणरेषा नव्हे, चाचणीत करून दाखवलेला आकडा आहे. पण चाचणी करणारा पट्टीचा वैमानिक होता, मी नव्हतो.

पहिली उसळी समजली. दुसरी, तिसरी कशाला? (फोंडा)

हा प्रश्न मला आजही टोचतो. विमान टेकून वर उडालं की समोर नुसतं आभाळ दिसतं, आणि हात आपोआप सुकाणू पुढे ढकलतो. नाक खाली जातं, पुढचं चाक आधी आपटतं, नाक पुन्हा वर फेकलं जातं, पहिल्यापेक्षा जास्त. आपण पुन्हा ढकलतो, आणि प्रत्येक वेळी अर्धा क्षण उशिराच. पुढचं चाक हे विमान टेकवायला नसतंच. तो भार मागच्या दोन चाकांचा. तिसऱ्या आपटीला माझ्या विमानाच्या पुढच्या चाकाचा दांडा मोडला आणि पंख्याची पाती डांबराला लागली. फिरता पंखा असा आपटला की इंजिनही उघडून तपासावं लागतं.

खरं तर पहिल्या उसळीलाच पूर्ण थ्रॉटल (इंजिनाचा जोर) देऊन, नाक सावरून पुन्हा चक्कर मारायची. माझा उजवा हात थ्रॉटलवरच होता! मला उतरायचंच होतं, एवढंच. शिकवणारे सर काही बोलले नाहीत. मुडपलेलं पातं त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि दोन चहा सांगितले.

चाकं टेकली की सुटलो? (मडगाव)

नाही. मागच्या उभ्या शेपटीमुळे विमान वाऱ्याकडे तोंड वळवू पाहतं आणि वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) वाऱ्याच्या बाजूला आणि पाय रडरवर (शेपटीची हलती फळी वळवणाऱ्या पेडलवर), विमान उभं राहीपर्यंत.

अशा अपघातात वैमानिकाला शिक्षा होते का? (डिचोली)

आपल्याकडे चौकशी विमान अपघात तपास विभाग करतो. तो २०१२ साली स्थापन झाला. त्याचं काम कारण शोधणं, दोष ठरवणं नव्हे. परवान्याचं काय करायचं ते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय बघतं.

काका, मी सातवीत आहे. विंडसॉक घरी करता येईल? (सावर्डे)

वाऱ्याची दिशा दाखवणारा तो कापडी मोजा? का नाही! आईची जुनी नायलॉनची साडी माग (विचारून). एक तोंड रुंद, दुसरं अरुंद अशी पिशवी शिव, रुंद तोंडात तारेची कडी घाल, काठीवर सैल अडकव. विमानतळावरचा मोजा साधारण १५ नॉटला ताठ होतो; तुझा कधी होतो ते बघ. मोजा ताठ राहण्याऐवजी सारखा पडत-उठत असेल तर ते झोत. आणि गच्चीच्या कठड्यापेक्षा बराच उंच लाव, नाहीतर कठड्यावर आपटून उसळलेला वाराच मोजत बसशील.